तार तीच होती

जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएल या दोन सरकारी कंपन्यांनी घरगुती ग्राहकांसाठी ब्रॉडबँड सेवा मोठ्या प्रमाणावर सुरू केली. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत आपल्याकडील अनेक घरांत सारखेच दृश्य दिसू लागले. लाईनमन एक पुठ्ठ्याचा खोका घेऊन येई. खोक्यात चार-पाच दिवे असलेला मोडेम, त्याचा अडॅप्टर, काडेपेटीएवढी एक प्लास्टिकची डबी आणि दोन-तीन केबली एवढेच सामान असे. तो ती डबी टेलिफोनच्या तारेला लावी, डबीच्या एका तोंडात फोन आणि दुसऱ्या तोंडात मोडेम जोडी, मोडेमपासून संगणकापर्यंत एक जाडसर केबल टाकी, पडद्यावर ग्राहकाचे नाव व परवलीचा शब्द भरी आणि चहा घेऊन जाई. अर्ध्या तासाचे काम.

या साऱ्या खटपटीत एका वस्तूला त्याने हातही लावलेला नसे. ती वस्तू म्हणजे खांबावरून घरात आलेली तांब्याच्या दोन तारांची जोडी. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी फोनसाठी ओढलेली ती जोडी तशीच राही. आदल्या दिवसापर्यंत त्याच जोडीतून ५६ किलोबिटचा मोडेम कुरकुरत चाले. दहा लाख बाइटांचे, म्हणजे ८० लाख बिटांचे एक छायाचित्र यायला त्याला अगदी आदर्श परिस्थितीतही जवळजवळ अडीच मिनिटे लागत आणि तेवढा वेळ घरचा फोन बंद असे. दुसऱ्या दिवशी २५६ किलोबिटच्या जोडणीवर तेच छायाचित्र अर्ध्या मिनिटात येई आणि शेजारी कोणी फोनवर निवांत बोलत असे.

तार तीच होती, मग वेग आला कोठून? हा प्रश्न वर्गात विचारण्याजोगा आहे. त्याचे उत्तर शोधताना सव्वाशे वर्षांचा इतिहास धुंडाळावा लागतो. त्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडलेली दिसते. लोकांनी जी मर्यादा तारेची, म्हणजे निसर्गाची मानली, ती दर वेळी कोणीतरी घातलेली निघाली.

दोन तारांची वेणी

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनचे एकस्व ७ मार्च १८७६ रोजी मिळाले. पुढच्या सहा वर्षांतच, १८८२ मध्ये, कोलकाता, मुंबई आणि चेन्नई येथे टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. त्या काळी फोनसाठी बहुधा एकच लोखंडी तार ओढीत. विद्युतप्रवाहाला परत यायचा मार्ग म्हणून जमिनीचाच उपयोग करीत. तारायंत्राला ही व्यवस्था पुरत होती, कारण तेथे फक्त ‘कट्ट’ आणि ‘कडकट्ट’ ऐकायचे असे. माणसाचा आवाज मात्र नाजूक असतो. शेजारच्या तारायंत्राच्या तारेतले ठोके फोनमध्ये ऐकू येत. १८८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन शहरांत विजेच्या ट्राम धावू लागल्या, त्यांचा प्रवाहही जमिनीतूनच परतू लागला आणि मग फोनवर संभाषणापेक्षा ट्रामच जास्त ऐकू येऊ लागली.

यावरचा उपाय बेल यांनी १८८१ मध्येच एकस्व घेऊन सांगितला होता. जमिनीला रजा द्यायची, दोन तारा वापरायच्या आणि त्या एकमेकींभोवती पिळायच्या. पिळाचे मर्म सोपे आहे. बाहेरचा विद्युत-चुंबकीय त्रास दोन्ही तारांवर पडतो. तारा सरळ समांतर असतील, तर त्रास देणाऱ्या तारेला जवळ असलेल्या तारेवर तो जास्त पडतो आणि दोघींतील फरक फोनमध्ये खरखर होऊन उमटतो. तारा पिळल्या, की एका वळणात जी तार जवळ असते ती पुढच्या वळणात लांब जाते. दोघींच्या वाट्याला सारखाच त्रास येतो आणि फरक जवळजवळ शून्य होतो. फोनला तर दोन तारांतील फरकच ऐकू येतो. म्हणजे खरखर तारेतच मुरते.

घरोघरी वेणीसारखी पिळलेली तांब्याची जोडी गेली ती यासाठी. ‘तारेवर इतका गोंगाट असणारच’ ही पहिली मर्यादा अशी गेली. तो गोंगाट तांब्याचा नव्हता, तारा मांडण्याच्या पद्धतीचा होता.

वेटोळ्याचे वैर

दुसरी मर्यादा अंतराची होती. लांबच्या तारेतून आवाज नुसता क्षीण होत नसे, तर बिघडतही असे. पट्टीतील वरचे स्वर आधी मरत आणि शब्द गढूळ होत. ब्रिटिश टपाल खात्यातील वजनदार विद्युत अभियंते विल्यम प्रीस यांनी यासाठी एक नियम सांगितला होता. तारेचा रोध आणि तिची धारकता यांचा गुणाकार ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की बोलणे अशक्य. अंतर वाढले की दोन्ही वाढतात, तेव्हा पल्ल्याला मर्यादा पडणारच. तारेच्या स्वप्रवर्तनाने, म्हणजे प्रवाहातील बदलाला विरोध करण्याच्या तिच्या गुणाने, बिघाड वाढतोच अशीही त्यांची खात्री होती.

त्यांना विरोध करणारा माणूस होता ऑलिव्हर हेविसाइड. महाविद्यालयाची पायरी न चढलेला, कानाने अधू, एके काळी तारयंत्रावर काम केलेला आणि पुढे घरी बसून मॅक्सवेलचे सिद्धांत स्वतःच शिकलेला. १८८७ मध्ये त्याने गणिताने दाखवले, की तारेचे स्वप्रवर्तन योग्य प्रमाणात वाढवले, तर सर्व स्वर सारख्याच वेगाने व सारखेच क्षीण होत जातील. आवाज बारीक होईल, पण बिघडणार नाही. प्रीस यांनी हे मानले नाही आणि ते छापून येण्याच्या मार्गातही अडथळे आणले.

बारा वर्षांनी, १८९९ च्या सुमारास, अमेरिकेत जॉर्ज कॅम्बेल आणि मूळचे सर्बियन असलेले मायकेल प्युपिन यांनी हीच गोष्ट व्यवहारात आणण्याची रीत शोधली. तारेत ठरावीक अंतरावर तांब्याची वेटोळी बसवायची. पुढे अमेरिकेत दर ६००० फुटांवर, म्हणजे सुमारे १८०० मीटरवर, एक वेटोळे हे प्रमाण रूढ झाले. प्युपिन यांना एकस्वाचे भरपूर पैसे मिळाले. हेविसाइडने एकस्व घेतलेच नव्हते.

वेटोळ्यांनी फोनचा पल्ला वाढला, पण त्यांची एक किंमत होती. वेटोळे घातलेली तार साधारण चार हजार हर्ट्झच्या आतले स्वर छान नेई आणि त्यावरच्या सर्व वारंवारता जवळजवळ पूर्ण अडवी. त्या वेळी याची खंत कोणालाच नव्हती. माणसाचे बोलणे समजायला तेवढे स्वर पुरेसे होते. नव्वद वर्षांनंतर मात्र ब्रॉडबँड देताना अमेरिकेतील कंपन्यांना जमिनीत आणि खांबांवर बसवलेली हीच वेटोळी हुडकून काढून टाकावी लागली. एका पिढीचे उत्तर पुढच्या पिढीची अडचण कसे होते, त्याचे इतके स्पष्ट उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात क्वचित सापडेल.

खिडकी कोणी लावली?

टेलिफोनच्या अभियंत्यांनी पुढे बोलण्यासाठी ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा ठरवून टाकला. एक्स्चेंजमधील सारी यंत्रणा याच मापाची झाली. तारेचे एक टोक घरात आणि दुसरे एक्स्चेंजमध्ये. एक्स्चेंजच्या दारातच जणू एक अरुंद खिडकी होती आणि तिच्यातून जाईल तेवढेच पुढे जाई. एक्स्चेंज अंकीय झाले तेव्हाही खिडकी तेवढीच राहिली. आवाजाची दर सेकंदाला ८००० मापे घ्यायची आणि प्रत्येक माप ८ बिटांत लिहायचे, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. एका संभाषणाच्या वाट्याला एवढेच.

संगणकांना एकमेकांशी बोलायचे होते, तेव्हा त्यांना याच खिडकीतून जावे लागले. त्यासाठी मोडेम आला. संगणकाचे शून्य-एक आवाजाच्या पट्ट्यातील सुरांत बदलायचे आणि पलीकडे सुरांचे पुन्हा शून्य-एक करायचे, हे त्याचे काम. १९६२ मधील बेल कंपनीचा मोडेम सेकंदाला ३०० बिट पाठवी. भारतातील सुरुवातही अशीच तारेवरून झाली. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्याच्या कामात १९८७ साली मुंबईतल्या मुंबईत, जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात, फोन लावून ई-मेलची देवाणघेवाण झाली. सर्वसामान्यांसाठी विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट खुले केले. त्या वेळच्या ९६०० बिटांच्या मोडेमवर आपले ८० लाख बिटांचे छायाचित्र यायला चौदा मिनिटे लागली असती.

मोडेम सुधारत गेले, पण कोठवर? याचे उत्तर क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्येच देऊन ठेवले होते. कोणत्याही मार्गाची कमाल क्षमता दोन गोष्टींवर अवलंबून असते. एक, वारंवारतांचा पट्टा किती रुंद आहे. दोन, गोंगाटाच्या मानाने संकेत किती बलवान आहे. सूत्र शब्दांत असे सांगता येईल: संकेताच्या शक्तीला गोंगाटाच्या शक्तीने भागा, त्यात १ मिळवा, येणाऱ्या संख्येचा २ या पायाचा लॉगरिदम काढा आणि त्याला पट्ट्याच्या रुंदीने गुणा. फोनचा पट्टा ३१०० हर्ट्झचा आहे. संकेत गोंगाटाच्या हजारपट बलवान धरला, तर लॉगरिदम जवळजवळ १० येतो. म्हणजे क्षमता सेकंदाला सुमारे ३१,००० बिट. अकरावी-बारावीचे विद्यार्थी हे गणित पाच मिनिटांत करू शकतील. १९९४ मध्ये मोडेम २८,८०० बिटांवर आणि १९९६ मध्ये ३३,६०० बिटांवर पोहोचले. चांगल्या तारेवर गोंगाट थोडा कमी असतो, म्हणून ही संख्या ३१,००० च्या किंचित पुढे गेली. १९९८ चा ५६ किलोबिटचा मोडेम आला तोही एक्स्चेंजच्या अंकीय मापांचाच खुबीने उपयोग करून. दर सेकंदाला ८००० मापे, प्रत्येकाचे ७ बिट भरवशाचे, म्हणून ५६,०००.

गणित बरोबर होते. त्यातून ‘तांब्याची तार आता थकली’ असा जो निष्कर्ष अनेक जाणकारांनी काढला, तो मात्र चुकीचा होता. शॅननच्या सूत्रात ३१०० ही संख्या तांब्याने घातलेली नव्हती. ती एक्स्चेंजच्या खिडकीची होती. वेटोळे नसलेल्या, काही किलोमीटर लांबीच्या तारेतून दहा लाख हर्ट्झच्या वारंवारताही जातात. क्षीण होतात, पण जातात. खिडकीबाहेर केवढे मोठे अंगण मोकळे पडले होते.

शेजाऱ्याची कुजबुज

हे अंगण वापरायचे, तर तारेच्या एक्स्चेंजकडील टोकाला खिडकीच्या अलीकडेच नवे यंत्र बसवायला हवे. आवाज खिडकीकडे पाठवायचा आणि बाकीच्या वारंवारता बाजूला काढून संगणकांच्या जाळ्याकडे वळवायच्या. पण येथे नवी अडचण होती. एक्स्चेंजमध्ये शेकडो जोड्या एकाच जाड केबलमधून येतात. पीळ असला तरी उच्च वारंवारतांवर एका जोडीतले थोडे शेजारच्या जोडीत झिरपते. एक्स्चेंजमधून निघणारा संकेत ताजा व जोरकस असतो. घराकडून येणारा संकेत मैल-दोन मैल चालून थकलेला असतो. वर्गात शेवटच्या बाकावरून कोणी हळूच उत्तर देत असावे आणि नेमके त्याच वेळी आपल्या कानाशी शेजारच्याने मोठ्याने बोलावे, तसे होते.

अमेरिकेतील बेलकोर या संशोधनसंस्थेतील जोसेफ लेचलायडर यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस यातून मार्ग काढला. दोन्ही दिशांना सारखा वेग हवा, हा आग्रहच त्यांनी सोडला. घराकडून येणाऱ्या संकेताला तळाकडचा एक अरुंद पट्टा द्यायचा आणि घराकडे जाणाऱ्याला वरचा सारा रुंद पट्टा. मग कानाशी बोलणारा आणि लांबून उत्तर देणारा वेगवेगळ्या सुरांत बोलतात आणि एकमेकांना त्रास देत नाहीत. या असमान व्यवस्थेवरूनच ‘एडीएसएल’ हे नाव पडले. त्यातील पहिल्या अक्षराचा अर्थ ‘असममित’ असा आहे.

ही असमानता कंपन्यांना पटली, त्यालाही कारण होते. त्या वेळी वर्ल्ड वाइड वेब सर्वसामान्यांना ठाऊकही नव्हते. टेलिफोन कंपन्यांना केबल टीव्हीशी स्पर्धा करायची होती आणि तारेवरून घरोघरी चित्रपट पोहोचवायचे होते. चित्रपट पाहणाऱ्याला बघण्यापलीकडे काही पाठवायचे नसते. ‘हा चित्रपट लावा’ एवढे सांगितले की पुरे. चित्रपटांचा तो व्यवसाय काही चालला नाही. तंत्र मात्र तयार होते आणि १९९० च्या दशकाच्या मध्यावर वेब आले, तेव्हा ते त्याच्या उपयोगी पडले.

दोनशे छप्पन्न वाफे

रुंद पट्टा मिळाला तरी तो सगळीकडे सारखा नसतो. वारंवारता वाढते तसा संकेत क्षीण होतो. तारेचा जोड कोठे गंजलेला असतो, कोठे एखाद्या आकाशवाणी केंद्राच्या लहरी आत शिरतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चॉफी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जी पद्धत पुढे आणली, ती आपल्याकडील शेतकऱ्याला लगेच कळेल. शेत एकसारखे नसेल, तर त्याचे वाफे पाडावेत. ज्या वाफ्यात जमीन चांगली तेथे दाट पेरावे, मुरमाड वाफ्यात विरळ पेरावे आणि खडकाळ वाफा सोडून द्यावा.

त्यांनी सुमारे ११ लाख हर्ट्झच्या पट्ट्याचे २५६ वाफे पाडले. प्रत्येक वाफा ४३१२.५ हर्ट्झचा. म्हणजे प्रत्येक वाफा जवळजवळ एका फोनच्या पट्ट्याएवढा. सर्वांत तळाचे काही वाफे फोनच्या आवाजासाठी मोकळे सोडले. त्यावरचे सुमारे २६ ते १३८ किलोहर्ट्झमधील वाफे घराकडून पाठवण्यासाठी आणि तेथून ११०४ किलोहर्ट्झपर्यंतचे घराकडे येण्यासाठी ठेवले. प्रत्येक वाफ्यात दर सेकंदाला ४००० वेळा पेरणी होते आणि एका पेरणीत गोंगाट पाहून शून्य ते पंधरा बिट टाकतात.

याचा अर्थ घरात जणू २५६ मोडेम एकाच वेळी चालवायचे! एवढी यंत्रे स्वतंत्र बांधायची झाली असती, तर किंमत कोणालाच परवडली नसती. येथे जुने गणित मदतीला आले. कोणत्याही लहरीची तिच्यातील साध्या सुरांत फोड करता येते, हे फूरिये यांनी १८२२ मध्ये उष्णतेचा अभ्यास करताना मांडले होते. ही फोड संगणकाने झपाट्याने करण्याची रीत कूली आणि ट्यूकी यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केली. फूरियेच्या गणिताने असे अनेक वाफे एकदम हाताळता येतील, हे वाइनस्टाइन आणि एबर्ट यांनी १९७१ मध्ये दाखवले होते. १९९० पर्यंत चिप इतक्या स्वस्त झाल्या, की हे काम नखाएवढ्या तुकड्यावर होऊ लागले. १९९३ मध्ये बेलकोरमध्ये निरनिराळ्या पद्धतींची समोरासमोर चाचणी झाली, तीत वाफ्यांची पद्धत सरस ठरली. १९९५ मध्ये अमेरिकन मानक आणि १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक तिच्यावरच बेतले गेले. त्यात घराकडे येणारा वेग सेकंदाला सुमारे ८० लाख बिटांपर्यंत आणि घराकडून जाणारा सुमारे १० लाख बिटांपर्यंत जाऊ शकतो.

खोक्यातील वस्तूंचा अर्थ

आता लाईनमनच्या खोक्याकडे पुन्हा पाहू. काडेपेटीएवढी डबी म्हणजे स्प्लिटर. एक तोंड ४००० हर्ट्झखालचे सूर फोनकडे सोडते, दुसऱ्या तोंडातून वरचे सूर मोडेमकडे जातात. फोनच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरमध्ये वेटोळी असतात! लांबच्या तारेतून काढून टाकावी लागलेली तीच वेटोळी येथे, योग्य जागी, वरचे सूर अडवण्याचे काम करतात. ही डबी न लावता फोन जोडला, तर फोनमध्ये फुस्स आवाज येई आणि घंटी वाजली की इंटरनेट तुटे. अनेक घरांतील ‘नेट सारखे तुटते’ या तक्रारीचे मूळ दुसऱ्या खोलीतील डबीविना जोडलेल्या फोनमध्ये असे.

मोडेम सुरू केल्यावर त्याचा एक दिवा अर्धा-एक मिनिट लुकलुके आणि मग स्थिर होई. त्या वेळात मोडेम व एक्स्चेंजमधील यंत्र प्रत्येक वाफ्याची परीक्षा घेत असत. कोणत्या वाफ्यात गोंगाट किती, कोठे किती बिट पेरायचे, याचा तक्ता तयार झाला की दिवा स्थिर.

मोडेमपासून संगणकाकडे जाणारी जाडसर केबल ईथरनेटची. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत बॉब मेटकाफ यांनी मे १९७३ मध्ये या तंत्राचे टिपण लिहिले. प्रकाशलहरी वाहून नेणारा म्हणून एकेकाळी कल्पिलेला आणि मायकेलसन-मॉर्ले यांच्या १८८७ च्या प्रयोगाने निकालात निघू लागलेला ‘ईथर’ येथे नावापुरता परत आला. सुरुवातीला ईथरनेटला जाड, महागडी समाक्ष केबल लागे. १९९० मध्ये मानक बदलले आणि तेही टेलिफोनसारख्या पिळलेल्या जोड्यांवर आले. म्हणजे घराबाहेर बेलची वेणी आणि घरातही बेलचीच वेणी.

उरले ग्राहकाचे नाव आणि परवलीचा शब्द. तार सदोदित जोडलेली असताना हे कशाला? फोन लावून इंटरनेट घेण्याच्या काळात कंपन्यांची हिशेबाची सारी घडी नाव-परवलीवर बसलेली होती. ती मोडू नये म्हणून १९९९ मध्ये ईथरनेटवरून तीच जुनी पद्धत चालवण्याचा नियम तयार झाला. ही सवय तंत्रज्ञानातून आली नाही, हिशेबाच्या वहीतून आली.

राहिलेल्या दोन मर्यादा

इतक्या मर्यादा माणसाने घातलेल्या निघाल्या, म्हणून निसर्गाची मर्यादा नसतेच असे नाही. तार जसजशी लांबते, तसतसे वरचे वाफे एकेक करून खडकाळ होत जातात. साधारण पाच किलोमीटरपुढे एडीएसएल चालवणे अवघड. भारत सरकारच्या २००४ च्या धोरणाने २५६ किलोबिट म्हणजे ब्रॉडबँड असे ठरवले. २०१३ मध्ये ती किमान मर्यादा ५१२ किलोबिट आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट झाली. पण ज्या शाळेपर्यंत एक्स्चेंजपासून सात-आठ किलोमीटर तार जात होती, तिला एडीएसएलच्या काळात या आकड्यांचा उपयोग नव्हता. तांब्याचा स्वभाव नियमाने बदलत नाही. मात्र एक्स्चेंज कोठे बांधायचे आणि कोणत्या वस्तीजवळ, हे तांबे ठरवीत नाही. ते माणसेच ठरवतात.

दुसरी मर्यादा दिशेची. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षक घरून शिकवू लागले. ज्यांच्याकडे एडीएसएलची जोडणी होती, त्यांना एक चमत्कारिक अनुभव आला. इतरांचे व्हिडिओ नीट दिसत, पण स्वतःचे चित्र पलीकडे गोठून राही आणि आवाज तुटे. मीही त्यांतलाच एक. चूक आपल्या संगणकाची की खडू-फळ्याच्या सवयीची, असे मला आधी वाटले. चूक दोघांचीही नव्हती. घर म्हणजे पाहणाऱ्याची जागा, बोलणाऱ्याची नव्हे, ही समजूत तीस वर्षांपूर्वी चित्रपट विकण्याच्या योजनेतून वाफ्यांच्या वाटपात शिरली होती. लेचलायडर यांची युक्ती विज्ञानाच्या दृष्टीने अचूक होती. पण वाफे वाटताना घरातील माणूस काय करील याविषयीचा अंदाजही त्यात पेरला गेला आणि शिकवणाऱ्या माणसाच्या वाट्याला अरुंद पट्टी आली.

आता नव्या जोडण्या बहुतेक काचतंतूच्या असतात. चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ मध्ये दाखवले, की काचेतला प्रकाश लवकर मंदावतो तो काचेच्या स्वभावामुळे नव्हे, तर तिच्यातील अशुद्धींमुळे. काओ यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पुन्हा तोच धडा.

वर्गासाठी

हा धडा हाताने शिकवता येतो. संगणकाच्या दुकानात ईथरनेट केबलचा टाकाऊ तुकडा सहज मिळतो. तो कशालाही जोडलेला नाही ना, एवढे पाहून तीस सेंटिमीटरपर्यंतचे बाहेरचे वेष्टण सोलून काढा. आत निळी, नारिंगी, हिरवी आणि तपकिरी अशा चार जोड्या दिसतील. प्रत्येकीसोबत तिची पांढरट जोडीदार आहे. विद्यार्थ्यांना प्रत्येक जोडीचे दहा सेंटिमीटरमधील पीळ मोजून वहीत लिहायला सांगा.

चार जोड्यांचे चार वेगळे आकडे येतील. हे का, ते लगेच सांगू नका. दोन शेजारी वेण्या अगदी सारख्याच पीळल्या, तर प्रत्येक वळणावर कोणती तार कोणत्या तारेजवळ येईल, याची आकृती फळ्यावर काढायला लावा. बेलने पीळ का घातला हे ज्याला समजले आहे, त्याला उरलेले उत्तर आकृतीत सापडेल.